एका कॉम्प्युटरात चार कॉम्प्युटर

“अगं, काय करलालीस तिकडं? इथं बिल निघना झालंय! दुकानात वीस माणसं उभी हायेत!”

पप्पांचा हा फोन मला जून २०२५ मध्ये आला. मृग लागला होता आणि आमचं लातूरचं बी-बियाण्याचं दुकान गच्च भरलेलं होतं. मृगात आमच्याकडे जेवायलाही कोणी वर घरात येत नाही, डबा खाली दुकानात जातो. अशा दिवशी कॉम्प्युटर गोठला होता. आणि तो मी गोठवला होता, इथे नांदेडला हॉस्टेलच्या कॉटवर बसून, साधारण दीडशे किलोमीटरवरून! कसा, ते पुढे सांगते. त्याआधी हे मशीन घेतलं कसं, ते सांगायला हवं. कारण गेल्या काही महिन्यांत हॉस्टेलवर मला दहा-बारा जणींनी तरी विचारलंय, “घरी पीसी घ्यायचाय, व्हीएम चालायला हवेत, बजेट कमी आहे, काय घेऊ?” प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. (माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मराठी विभागाच्या संपादकांनी सांभाळून घ्यावं, ही विनंती.)

तर, घरात तीन माणसांना कॉम्प्युटर हवा होता. पप्पांना बिलिंगसाठी. धाकट्या भावाला बारावी आणि नीटच्या लेक्चर्ससाठी (लातूर आहे, नीट आलीच). आणि मला व्हर्च्युअल मशीन्स चालवण्यासाठी. दुकानातला जुना कॉम्प्युटर एप्रिलमध्ये गेला तो गेलाच. पप्पांनी चाळीस हजार काढून ठेवले आणि म्हणाले, “यात तिघांचं भागव. हंगामाच्या आधी.” चाळीस हजारात तीन कॉम्प्युटर येत नाहीत. पण एकाच कॉम्प्युटरात अनेक कॉम्प्युटर बसवता येतात, आणि व्हर्च्युअलायझेशन म्हणजे नेमकं तेच.

ज्यांची ब्रँच वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. ऑपरेटिंग सिस्टीमला वाटत असतं की आपण या मशीनचे एकटे मालक. मेमरी माझी, डिस्क माझी, प्रोसेसर माझा. हायपरव्हायझर नावाचं सॉफ्टवेअर तिचा हा गैरसमज तसाच ठेवतं आणि तिला मशीनचा एक तुकडा देतं. म्हणजे रेक्टरने प्रत्येक रूमला सांगावं की हॉस्टेल तुमचंच आहे, आणि मेन स्विचची किल्ली मात्र स्वतःच्या खिशात ठेवावी! त्या तुकड्याला म्हणायचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम.

ही कल्पना नवीन अजिबात नाही. आयबीएमने १९६० च्या दशकातच मेनफ्रेमवर हा प्रयोग केला होता आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० नावाने बाजारात आणला. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी पेपर लिहून सांगितलं की एखादा प्रोसेसर असा वाटून द्यायचा असेल तर त्यात काय असायला हवं. थोडक्यात अट अशी, की पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टीमने मालकीचं काही करायचा प्रयत्न केला की प्रोसेसरने थांबून हायपरव्हायझरला हाक मारली पाहिजे. आपल्या घरोघरचे इंटेल प्रोसेसर या परीक्षेत नापास होते. २००० मध्ये रॉबिन आणि अर्विन यांनी पेंटियमच्या अशा १७ सूचना मोजून दाखवल्या, ज्या हाक न मारताच गुपचूप वेगळं वागतात. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये यावर युक्ती काढली. पाहुण्याचा कोड चालता चालता तपासायचा आणि धोक्याच्या सूचना बदलून टाकायच्या. युक्ती भारी होती, पण मेहनतीची. मग २००५ मध्ये इंटेलने व्हीटी-एक्स आणि २००६ मध्ये एएमडीने एएमडी-व्ही आणलं, आणि हे काम प्रोसेसरच करू लागला. म्हणून कॉम्प्युटर घेताना पहिला प्रश्न हाच, की प्रोसेसरला व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही आहे का? गेल्या दहा-बारा वर्षांतल्या जवळपास सगळ्या डेस्कटॉप प्रोसेसरना ते असतं. पण बऱ्याच जुन्या ऑफिस मशीनमध्ये ते बायोसमधून बंद करून ठेवलेलं असतं. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू निवडा, खाली व्हर्च्युअलायझेशनसमोर ‘एनेबल्ड’ लिहिलेलं दिसलं पाहिजे. नसेल तर बायोसमध्ये जाऊन चालू करा. मशीन बिघडलंय असं समजून परत करू नका!

आता खरेदी. आम्ही आधी आमच्या भागातल्याच एका दुकानात गेलो. मी यादी काढून दाखवली. दुकानदाराने यादी न बघताच पप्पांना विचारलं, “साहेब, मुलीला कशासाठी पाहिजे? कॉलेजला ना? मग आय-सेव्हन घ्या, बघायचं कामच नाही.” आणि समोर काचेचा कॅबिनेट ठेवला. आत रंगीबेरंगी पंखे फिरतायत, आठ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड, अडतीस हजार. पप्पा खूष. मी विचारलं, आय-सेव्हन कुठल्या जनरेशनचा? “मॅडम, आय-सेव्हन म्हणजे आय-सेव्हन.” सीपीयूचं नाव स्क्रीनवर काढायला लावलं तर ३७७०. म्हणजे तिसरी जनरेशन, २०१२ ची! बोर्ड एच-६१, त्याला मेमरीचे दोनच स्लॉट, तीही डीडीआर-३, आणि जास्तीत जास्त १६ जीबी. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी जनरेशन लागते आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता (आता संपलाच आहे). ग्राफिक्स कार्ड जीटी ७३०. माझ्या एकाही कामाला त्याचा उपयोग नव्हता, भावाच्या लेक्चरलाही नाही. बाहेर आल्यावर पप्पा म्हणाले, “दिसायला तर छान होता.” छान होताच!

एक गोष्ट पाठ करून ठेवा. ‘आय-सेव्हन’, ‘आय-फाइव्ह’ ही आडनावं आहेत. माणूस ओळखायचा तर पुढचा आकडा बघा. ८५०० म्हणजे आठवी पिढी, १०४०० म्हणजे दहावी, १२४०० म्हणजे बारावी. आठवीचा आय-फाइव्ह ८५०० सहा कोअरचा आहे आणि तिसरीचा आय-सेव्हन ३७७० चार कोअरचा. आकड्यामागे ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळं कार्ड घ्यावंच लागणार.

नांदेड-लातूरवाल्यांना पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. आमच्याकडे लग्नाच्या साड्या आणि मोठ्या दवाखान्यासाठी लोक तिकडेच जातात, मग कॉम्प्युटरसाठी का नाही? सिकंदराबादला पार्कलेनजवळ चिनॉय ट्रेड सेंटर आहे, सगळे त्याला सीटीसी म्हणतात. मे महिन्यात पप्पा आणि मी तिथे गेलो. तिथे आणि आसपास कंपन्यांनी काढून टाकलेली ऑफिस मशीन्स मिळतात. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोव्हो थिंकसेंटर. मोठ्या कंपन्या ठरावीक वर्षांनी सगळी मशीन्स एकदम बदलतात, ती चांगल्या अवस्थेतही विकली जातात. माझ्या मते कमी बजेटच्या व्हर्च्युअलायझेशनला याहून चांगला मार्ग नाही. नवीन सुटे पार्ट घेऊन मशीन जोडायला मजा येते, मान्य. पण सहा कोअर, १६ जीबी, एसएसडी आणि लायसन्सवालं विंडोज प्रो एवढं सगळं तेवढ्या पैशात नव्यात बसलं नसतं.

मॉडेलच्या आकड्यावरूनही पिढी कळते. ऑप्टिप्लेक्स ३०५०, ५०५०, ७०५० म्हणजे सहावी-सातवी, ३०६०, ५०६०, ७०६० म्हणजे आठवी. एलिटडेस्क ८०० मध्ये जी-३ म्हणजे सहावी-सातवी, जी-४ म्हणजे आठवी. दहाचा फरक, पण विंडोज ११ त्या दहावरच अडतं. आकारही बघा. एकदम डब्यासारखं छोटं मशीन मोहात पाडतं, पण त्यात लॅपटॉपची रॅम लागते आणि वाढवायला जागा कमी. त्याहून मोठं, आडवं किंवा टॉवर, बरं. त्यात साधी रॅम बसते. स्लॉट मात्र उघडून मोजा, काहींत दोन असतात, काहींत चार. मी दुकानात झाकण काढायला सांगितलं तेव्हा पोरगा जरा बघतच राहिला, मग त्यानेच स्क्रू-ड्रायव्हर दिला. या मशीन्सची एक खोडही सांगून ठेवते. पॉवर सप्लाय कंपनीचा खास असतो, बाजारातला साधा बसेलच असं नाही, आणि मोठं ग्राफिक्स कार्ड बसत नाही. गेमिंगसाठी घेणाऱ्याने इकडे फिरकू नये.

आम्ही घेतलं ते आय-फाइव्ह ८५०० चं, चार स्लॉटचं. त्यात आठ-आठच्या दोन पट्ट्या, म्हणजे १६ जीबी, २५६ जीबीची एसएसडी. साडेसोळा हजार. एक टीबीची नवी एसएसडी पाच हजार, यूपीएस अठ्ठावीसशे, बॅकअपसाठी बाहेरून लावायची हार्ड डिस्क साडेपाच हजार. झाले २९,८००. मॉनिटर, कीबोर्ड, प्रिंटर जुनेच. उरलेल्यातून भावाच्या टेस्ट सिरीजचे पैसे भरले. हे भाव मे २०२५ चे, आमच्या घासाघीशीनंतरचे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव जगभर भडकले, कारण एआयच्या डेटा सेंटर्सना मेमरी पुरेना. त्यामुळे आज तर आत भरपूर रॅम असलेलं जुनं मशीन शोधणं जास्तच फायद्याचं. घरी आणल्यावर रात्रभर मेमटेस्ट लावा, डिस्कचं आरोग्य क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये बघा, आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदला. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, आणि बियाण्याच्या दुकानातली धूळ तर विचारूच नका.

आता मूळ मुद्दा, पैसे आधी कशावर घालायचे. माझं उत्तर : रॅम, मग एसएसडी, मग कोअर, आणि ग्राफिक्स कार्ड शेवटी किंवा नाहीच.

का, ते हॉस्टेलवरून सांगते. कोअर म्हणजे बाथरूम. मजल्यावर सहा बाथरूम आणि चाळीस मुली, तरी सकाळ निभते, कारण सगळ्या एकाच वेळी जात नाहीत, आणि गेल्याच तर रांग लागते. उशीर होतो, पण आंघोळ होते. प्रोसेसर तसाच पाळीपाळीने वाटता येतो. सहा कोअरवर व्हीएम्सना मिळून दहा-बारा कोअर वाटले तरी चालतं. बहुतेक व्हीएम बहुतेक वेळ बसूनच असतात. रॅम म्हणजे कॉट! एका कॉटवर दोघींना झोपवता येत नाही. एका व्हीएमला चार जीबी दिली की ती गेली, ती वापरो न वापरो. बलूनिंग वगैरे युक्त्या आहेत, म्हणजे एकीला म्हणायचं जरा सरक, पाहुणी आलीये. पण त्यावर विसंबून प्लॅन करू नये. आणि सगळ्या कॉट भरल्या की विंडोज लोकांना व्हरांड्यात झोपवतं, म्हणजे डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये. तिथून उठवून आणायला रॅमच्या हजारपट वेळ लागतो.

इथेच माझा जूनमधला पराक्रम येतो. मला कुबरनेटिस शिकायचं होतं. त्यासाठी तीन मशीनचा क्लस्टर हवा, म्हणून मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये तीन व्हीएम केले. प्रत्येकाला किती रॅम द्यायची? एका ट्युटोरियलमध्ये चार लिहिली होती. चार त्रिक बारा. एकूण सोळा. उरली चार, आणि त्या चारमध्ये विंडोज ११, पप्पांचं बिलिंग, आणि भावाने ब्राउझरमध्ये उघडून ठेवलेले फिजिक्सचे पंचवीस टॅब! मी हॉस्टेलवरून तिन्ही व्हीएम चालू केले, “रनिंग” असं हिरवं दिसलं, मी खूष. तिकडे माउसचा बाण हलेना. पप्पांचा फोन आला तेव्हा मी घाबरून व्हीएम बंद करायला गेले, तर माझंच कनेक्शन आत जाईना. शेवटी पप्पांनी पॉवरचं बटण दाबून धरलं. मशीन परत चालू होईपर्यंत त्यांनी बिलं हाताने लिहिली, कार्बन पेपर घालून. मला रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, “तुझं कॉलेज नंतर, माझा हंगाम आधी. एवढं बघ.” ते जास्त लागलं.

त्या रात्री मी व्हीएमच्या आत जाऊन बघितलं की खरंच लागतं किती. डेबियन, डेस्कटॉपशिवाय, नुसतं बसलं असताना काहीशे एमबीत भागतं. के-थ्री-एस ही कुबरनेटिसची हलकी आवृत्ती घातली तर मुख्य व्हीएमला दोन जीबी आणि बाकी दोघांना दीड-दीड पुरली. पाच जीबी! मी बारा खाऊन बसले होते. मग नियम केला. आधी घरच्या विंडोजसाठी आठ जीबी बाजूला, त्याला हात नाही, उरलेल्यात माझा संसार. आणि क्लस्टर दुकान बंद झाल्यावर, रात्री नऊनंतर. पुढच्या महिन्यात तीन हजाराच्या आठ-आठच्या आणखी दोन पट्ट्या घातल्या आणि ३२ झाली. खरं सांगायचं तर वाटणी आधीच नीट केली असती तर १६ मध्येही निभलं असतं. पण मी पप्पांना हे अजून सांगितलेलं नाही, आणि हे मासिक लातूरला जात नाही.

एसएसडीबद्दल फार सांगायला नको. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडीवर सुई फिरते, सेकंदाला शंभरेक ठिकाणी जाऊ शकते. चार व्हीएम चार कोपऱ्यांतलं मागू लागले की सुई नुसती पळत राहते. एसएसडीला सुईच नाही. व्हीएम हार्ड डिस्कवर ठेवू नका, बस्स.

कोणी म्हणेल, व्हर्च्युअलबॉक्स कशाला, प्रॉक्समॉक्स टाक. मीही टाकलं होतं, दोन दिवस. प्रॉक्समॉक्स सरळ मशीनवर बसतं, खाली विंडोज लागत नाही, केव्हीएम वापरतं (हे केव्हीएम २००७ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्येच आलं), आणि फुकट आहे. वेगळं मशीन ठेवता येत असेल तर तेच घ्या. पण त्याचा सगळा कारभार दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून चालतो. मशीनच्या स्वतःच्या मॉनिटरवर काळी स्क्रीन आणि एक पत्ता. पप्पा ती स्क्रीन बघून म्हणाले, “हे बिघडलंय.” त्या स्क्रीनवर विंडोज आणायचं तर ग्राफिक्सच व्हीएमच्या हवाली करावं लागतं, त्याला व्हीटी-डी लागतं आणि बरीच खटपट. एकाच स्क्रीनवर घरच्यांनीही काम करायचं असेल तर खाली विंडोज आणि वर व्हर्च्युअलबॉक्स हेच सुखाचं. फक्त व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत छोटं हिरवं कासव दिसलं तर समजा की विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही किंवा मेमरी इंटिग्रिटी चालू आहे, म्हणून व्हीएम हळू पळतायत. कासवाचं चित्र मुद्दाम ठेवलंय, हे मला फार आवडलं.

घरी एवढं करण्याऐवजी क्लाउड का नाही? क्लाउडही शेवटी हेच आहे, फक्त दुसऱ्याच्या बिल्डिंगमध्ये. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्यूरमध्ये ‘सेंट्रल इंडिया’ निवडलं की तुमचा व्हीएम २०१५ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये जन्माला येतो. ॲमेझॉनचं मुंबईचं रीजन २०१६ पासून आहे. नोकरीत हेच वापरायचंय. पण तिथे मीटर चालू असतं, आणि रात्री व्हीएम बंद करायला विसरलं की महिनाअखेरीस बिल येतं. माझ्या मशीनचा खर्च म्हणजे वीज. निवांत असताना ते पंचवीसेक वॅट घेतं. चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला १८ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तरी १८० रुपये. स्वस्तात मिळतो म्हणून कोणी जुना मोठा सर्व्हर आणायला निघालं असेल तर थांबा. तो निवांतपणीही १२० वॅट खाल्ला तर ८६ युनिट होतात, वर आवाज असा की शेजारी पिठाची गिरणी सुरू केल्यासारखा.

आता हॉस्टेलवरून घरचं मशीन वापरायचं कसं? पूर्वी राउटरमध्ये पोर्ट उघडला की झालं. आता बहुतेक घरगुती कनेक्शनना स्वतःचा पब्लिक पत्ता मिळतच नाही, कंपनी अनेक घरांना एकाच पत्त्यामागे बसवते. याला म्हणतात सीजीनॅट. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर तुम्ही त्या गर्दीत आहात, पोर्ट उघडून काही होणार नाही. मी टेलस्केल वापरते. दोन्हीकडे टाकायचं, एकाच खात्याने लॉगिन करायचं, ते आपोआप वायरगार्डचा बोगदा खणतं. त्यातून एसएसएच. काळ्या स्क्रीनवर अक्षरं पाठवायला नेट किती लागणार? हॉस्टेलच्या वायफायवरही चालतं, यातच सगळं आलं.

आणि लाइट! दिवसातून एक-दोनदा जातेच. यूपीएसची यूएसबी वायर मशीनला जोडा (मॉडेलला ती सोय आहे का, हे आधी विचारा), म्हणजे बॅटरी संपत आली की मशीन स्वतः नीट बंद होतं. पण लाइट आल्यावर परत चालू कोण करणार? मी नांदेडला, पप्पा गिऱ्हाइकात. त्यासाठी बायोसमध्ये ‘एसी रिकव्हरी’ नावाची सेटिंग असते, ती ‘पॉवर ऑन’ करायची. वीज आली की मशीन आपोआप उठतं. मला ही सेटिंग सापडायला तीन आठवडे लागले, तोवर भाऊ दर वेळी “ताई, दाबू का बटण?” विचारायचा आणि त्याचे चॉकलेटचे पैसे मागायचा.

स्नॅपशॉटचं सांगायचं राहिलं. मला व्हीएम आवडण्याचं खरं कारण ते आहे. ओएसच्या लॅबसाठी मी कर्नल मॉड्यूल लिहीत होते, एक पॉइंटर चुकला आणि कर्नल पॅनिक. खऱ्या मशीनवर असतं तर रात्र गेली असती. इथे आधी स्नॅपशॉट घेतलेला होता, अर्ध्या मिनिटात मशीन पूर्वपदावर. (डॉकरने हे जमत नाही. कंटेनर हलके असतात खरे, पण ते खालचाच कर्नल वाटून घेतात, तिथे पॅनिक झालं तर सगळ्यांनाच.) मात्र स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. स्नॅपशॉटनंतरचे बदल वेगळ्या फाइलमध्ये लिहिले जातात, ती फाइल मूळ डिस्क फाइलवर टेकून असते आणि वाढत राहते. दोन्ही एकाच एसएसडीवर. ती गेली की दोन्ही गेलं. म्हणून दर रविवारी व्हीएम बंद करून बाहेरच्या डिस्कवर कॉपी, आणि पप्पांच्या बिलिंगचा डेटा रोज रात्री पेन ड्राइव्हवर. तो पेन ड्राइव्ह पप्पा गल्ल्यात ठेवतात. त्यांच्या दृष्टीने तीच सगळ्यात सुरक्षित जागा.

ज्यांच्याकडे फक्त आठ जीबीचा लॅपटॉप आहे त्यांनी लगेच काही विकत घेऊ नये. डब्ल्यूएसएल-२ हाही आतून व्हीएमच आहे, त्यावर लिनक्सचा अर्धा अभ्यासक्रम होतो. दोन जीबीचा एक डेबियन, डेस्कटॉपशिवाय, आरामात चालतो. लॅपटॉपला मोकळा स्लॉट असेल तर आधी रॅम वाढवा.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा पप्पांनी कपाटातून जुन्या, मेलेल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क काढून दिली. त्यात जीएसटीच्या आधीचा, म्हणजे जुलै २०१७ पूर्वीचा सगळा हिशेब होता, विंडोज ७ वर चालणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. एका जुन्या उधारीवरून वाद चालू होता आणि खातं बघायचं होतं. डिस्क यूएसबीच्या वायरने जोडली, सिसइंटर्नल्सचं डिस्क-टू-व्हीएचडी नावाचं फुकट टूल चालवलं आणि अख्खी डिस्क एका फाइलमध्ये आली. ती फाइल नव्या व्हीएमला लावली, चार जीबी रॅम दिली (बघा, वाढवलेली रॅम कामाला आली!), नेटवर्क मुद्दाम बंद ठेवलं, कारण विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून सुरक्षेचे अपडेट नाहीत. पहिल्यांदा निळी स्क्रीन. डिस्कचा कंट्रोलर साटावरून आयडीई केला, आणि दुसऱ्यांदा ते चालू झालं. तोच जुना वॉलपेपर, माझा आणि भावाचा गणपतीतला फोटो, मी पाचवीत असतानाचा. पप्पा खुर्ची ओढून बसले. विंडोजने ॲक्टिव्हेशन मागितलं, आणि ते बरोबरच होतं, जुन्या मशीनसोबत आलेलं लायसन्स त्या मशीनपुरतंच असतं. म्हणून आम्ही त्याच रात्री सगळी खाती पीडीएफ करून घेतली आणि व्हीएम बंद केला. उधारी निघाली आमच्याच अंगावर, अकराशे रुपये. पप्पा दुसऱ्या दिवशी जाऊन देऊन आले.